दसऱ्याची हळद आणि नातीची चिप

हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका. माझ्या हातून जे झालं, ते आमच्या सबंध कडाव गावात कुणाच्या हातून झालं नसेल!

माझी नात पूर्वा पुण्याला प्रयोगशाळेत शिकते. दसऱ्याला घरी आली ती एक डबी घेऊन. आत बोटभर काचेसारखा तुकडा, पण रबरासारखा मऊ.

"हे काय गं?"

"चिप हाय आजी. हिच्यात केसाहून बारीक पाट हायेत, आपल्या शेतात पाणी सोडायला असतात ना, तसे. त्यातनं नाना तऱ्हेचे रेणू सोडायचे, म्हंजे औषधाचे अगदी बारीक कण. कॅन्सरच्या पेशीला जो चिकटंल तो आपल्या कामाचा, बाकीचे वाहून जातात. परवा सरांना दाखवायचीय. चालली तरच मला पुढं काम मिळंल. हात लावू नको हां!"

नाही हो लावणार! पण दसऱ्याला आमच्यात अवजारं पुजतात. कोयता झाला, विळा झाला, सुनेचा मिक्सरसुद्धा झाला. मग पोरीचंच अवजार तेवढं उपाशी ठेवायचं? तेही कॅन्सरवर चालून जाणारं?

उघडली डबी. पाण्याचा हात फिरवला, हळद-कुंकू वाहिलं. कोयत्याला चिमूटभर, हिला सढळ हातानं!

पूर्वानं पाहिलं आणि किंचाळलीच. "आजीऽऽ! पाटात हळद गेली!"

"एवढंच ना? तुंबलेला पाट उपसायचा असतो." मी घेतली गोधडीची सुई.

"सुई नकोऽ!" म्हणेपर्यंत आरपार! केसाएवढ्या पाटाचा कालवा झाला.

आमचे हे ओट्यावरून म्हणाले, "आगं, कॅन्सर ऱ्हायला बाजूला, तू चिपच मारलीस की!"

पोर रडत पुण्याला परतली. मी तिच्या फोनची वाट बघत बसले. मग एकदाचा तिचा फोन आला. "आजी, नवी चिप बनवली, सरांसमोर चालली. काम मिळालं! आता पूजा करायचीच असंल तर आईच्या फोनवर फोटो पाठवते, त्याची कर."

वा! फोटोत कुठले पाट? तुंबणार काय? फोन देवापुढं ठेवला, पाण्याचा हात फिरवला, हळद-कुंकू सढळ वाहिलं.

तेव्हापासून फोन मुका आहे. सून म्हणते, भोकात हळद गेली.

मी दुरुस्तच करणार होते हो, पण गोधडीची सुई हिनं कुठं लपवलीय कुणास ठाऊक!