टाकीला टेकून

वरूडच्या एका बागायतदाराची ट्रॉली आमच्याकडे रंगायला आली होती. बडनेऱ्याला माझं लहानसं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, टँकर, थ्रेशर असल्या लोखंडी वस्तूंना आम्ही कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या स्प्रे गननं रंग मारतो. आम्ही म्हणजे मी आणि मिस्त्री. मिस्त्री रोज सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूरहून येतात. गन कशी धरायची हे मी त्यांच्याकडूनच शिकलो, अकोल्याला, विशी ओलांडायच्या आत. आता वर्कशॉप माझं आहे आणि ते माझ्याकडे कामाला आहेत, पण शिव्या अजून मीच खातो.

ट्रॉलीच्या पहिल्याच फाळक्यावर काम बिघडलं. ट्रिगर दाबला की क्षणभर चांगला फवारा यायचा, मग हवेचा जोर बसायचा आणि रंग थेंबाथेंबानं पत्र्यावर पडायचा. वाळल्यावर सगळा पत्रा खरबरीत. मालक बघायला आला, त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, "काय बापा, संत्री वाहाची हायेत म्हून ट्रॉलीलेबी साल लावली काय?"

मिस्त्री खो खो हसले. मला मात्र ते लागलं. मालकाला ट्रॉली दोन दिवसांत हवी होती.

संध्याकाळी गाडीला निघताना मिस्त्री म्हणाले, "हवा कुठं मरते ते पाह्य पयले. गनपासून मांगं मांगं जा. गन, मंग होस, मंग रेग्युलेटर. टाकी सगळ्यात शेवटी. अन् घाई करू नको."

मी गन उघडून धुतली. ती स्वच्छ होती. गनपाशी लावलेला काटा पाहिला. ट्रिगर सोडलेला असताना तो बरोबर दाब दाखवत होता. म्हणजे होस, टाकीपासून गनपर्यंतची रबरी नळी, ठीक आहे, असं मी ठरवून टाकलं. ट्रिगर दाबून धरून तोच काटा पुन्हा पाहायला हवा होता. एवढी साधी गोष्ट मी केली नाही. उलट टाकीतच दाब वाढवला तर गनपर्यंत पुरेसा पोचेल, असा हिशेब केला. टाकीत आठ किलो दाब झाला की कॉम्प्रेसर आपोआप बंद व्हायचा. मी प्रेशर स्विचचं झाकण काढलं आणि आतल्या स्प्रिंगचा नट आवळला. थोडा, मग आणखी थोडा. आता टाकी दहाच्या वर गेली की सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसून हवा सोडू लागला. त्याचं कामच ते. मला मात्र तो माझ्या वाटेत आल्यासारखा वाटला. मी तो काढला आणि त्या जागी नळाच्या कामातला एक लोखंडी प्लग टेप गुंडाळून घट्ट बसवला. ट्रॉली झाली की लगेच व्हॉल्व्ह परत लावीन, असं मनाशी म्हणालो. खिशात टाकलेला व्हॉल्व्ह घरी घेऊन गेलो.

ती टाकी जुनी होती. खालच्या नळातून पाणी काढलं की तांबडं यायचं. मिस्त्री कितीदा म्हणाले होते की ही आतून खाऊन गेली आहे, बदल. नंतर तो नळही गंजून जाम झाला, आणि मी तेही तसंच राहू दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थिनर आणायला गेलो. परत आलो तेव्हा रस्त्यावरूनच कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू आला आणि तो मला बरा वाटला नाही. मोटर जड झाली होती, कण्हत होती. फाटकातून आत पाहिलं. टाकीवरचा काटा लाल खूण ओलांडून शेवटच्या आकड्याच्या पुढे जाऊन टेकला होता. मी नट इतका आवळला होता की स्विच आता बंदच होत नव्हता. आणि टाकीला पाठ लावून मिस्त्री बसले होते.

हिवाळ्यात ते रोजच तसे बसत. त्यांच्या कंबरेत कळ येते, आणि मशीन सुरू असलं की टाकी कोमट होते. मफलर बांधलेलं, मांडीवर सँडपेपर, डोळे अर्धे मिटलेले. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं, आणि तोच कान मोटरकडे होता.

मेन स्विच फाटकाशेजारी बाहेरच्या भिंतीवर आहे. मी तो खाली ओढला. मोटर थांबली. मला वाटलं होतं की जीव भांड्यात पडेल. तसं झालं नाही. काटा तिथंच होता. सगळी हवा आतच होती, बाहेर जायला रस्ता नव्हता. तो रस्ता मीच प्लग ठोकून बंद केला होता.

मिस्त्रींनी डोळे उघडले. "लाईट गेली काय रे?"

मी म्हणालो, "हो, गेली."

का म्हणालो ते मला सांगता येत नाही. प्लगचं सांगावं लागू नये म्हणून असेल. ते म्हणाले, "मंग बसतो थोडा," आणि पाय लांब करून आणखी रेलले.

 मी फाटकाच्या बाहेर, भिंतीच्या आडोशाला उभा होतो, आणि आडोशाला आहोत हे मला नीट कळत होतं. टाकी फुटली तर पत्रा कुठं जाईल, भिंत टिकेल का, एवढंच डोक्यात होतं. त्यांचा चेहरा दिसत होता. भिंतीआडून पाय निघत नव्हता.

शेवटी गेलो. जवळ गेल्यावर आवाज मोठा करायचीही भीती वाटली.

"काका, उठा."

"काहून?"

"उठा ना. चहा घेऊ."

"इथीच आण."

"काका, मालक आला हाय."

"येऊ दे. त्याले मी का उभा राहून दाखवू?"

मग मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकलो. "सेफ्टी व्हॉल्व्ह मी काढला. प्लग मारला हाय. काटा पाहा."

त्यांनी मान फिरवून काटा पाहिला.  त्यांनी सँडपेपर बाजूला ठेवला, टाकीला धक्का लागू नये म्हणून हात जमिनीवर टेकले आणि हळूहळू उठले. कंबर धरून एकेक पाऊल टाकत ट्रॉलीच्या पलीकडे गेले. मी त्यांच्यामागं. 

गन ट्रॉलीच्या पलीकडेच पडली होती. हवा बाहेर काढायचा तेवढा एकच मार्ग उरला होता. ट्रॉलीच्या जाड पत्र्याआड बसून मी ट्रिगर दाबला. सुरुवातीला जोरात सुटलेली हवा लगेच बारीक झाली. एखाद्यानं ओठ आवळून फुंकर मारावी तशी येत राहिली. टाकीत एवढा दाब असून.

"पाह्यलं?" मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले. "होस."

मी ट्रिगर दाबून ठेवला. बोट दुखून आलं तरी सोडलं नाही. मध्येच टाकीतून टक्क असा आवाज आला आणि आम्ही दोघंही पत्र्याला चिकटलो. मिस्त्रींनी माझं मनगट धरलं होतं.  ट्रॉलीच्या फटीतून काटा दिसत होता. तो बराच वेळ हललाच नाही, मग केसभर, मग आणखी केसभर उतरला. तो शून्यावर येईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

मग मिस्त्रींनी ब्लेड घेतलं आणि होस हातभर अंतरावर कापत गेले. तिसऱ्या तुकड्यात आतल्या रबराचा थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. हवा उभी असली की तो बाजूला पडून राहायचा. हवा वाहू लागली की उलटून वाट अडवायचा. आदल्या संध्याकाळी नवा होस लावला असता तर काम तासाभरात सुरू झालं असतं.

"एवढ्यासाठी," ते म्हणाले.

 ते पाणी प्यायले, मफलर सोडून पुन्हा बांधलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "लाईट गेली म्हणला तू. तवा तुले काटा दिसला होता?"

"नाही काका," मी म्हणालो. "मांगून पाह्यला."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि होसचे तुकडे गोळा करू लागले.

टाकी आता नवी आहे, व्हॉल्व्हही आहे. मिस्त्री अजून त्याच गाडीनं येतात. ही गोष्ट ते लोकांना सांगतात तेव्हा शेवटी म्हणतात, "पोरगं कळल्याबरोबर धावत आलं." मी तिथं उभा असतो आणि मान खाली घालतो.

काटा मला दिसला होता. मेन स्विच ओढल्यापासून मी आत पाऊल टाकेपर्यंत रस्त्यावरून दोन एसटी गेल्या, आणि तिसरी लांबून येताना दिसत होती.