उपासाने वाढवलेलं पोट

बदलापूरच्या आमच्या भजनी मंडळात एकीला शिंक आली तरी तिचा किस्सा होतो. माझी तर कॅन्सरमुळे एक छाती काढली, वर रेडिएशन झालं. मग काय, किश्श्यांचा डबाच भरला!

* * *

छाती पुन्हा बनवून घ्यायची तर इम्प्लांट बसवायचं, नाहीतर पोटाची चरबी वर लावायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रेडिएशनने आवळलेल्या कातडीखाली इम्प्लांट त्रास देण्याची भीती जास्त; पोटाचं बरं, पण ऑपरेशन मोठं. मग माझं पोट चिमटीत धरायला गेल्या. चिमटीत काही येईना.

मी उपास सांगितले. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, प्रदोष. सगळे नुसत्या पाण्यावर.

"काकू, जेवता कधी तेवढं सांगा."

* * *

आमचे हे अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले, जन्मभर मशिनींची खरेदी पाहिली. त्यांनी विचारलं, इम्प्लांटची गॅरंटी किती? पुढे कधीतरी बदलावंही लागतं, असं उत्तर आलं.

"मग घरचंच बरं," हे म्हणाले. "पण ठरवणार ही."

* * *

मंडळाच्या प्रमुख सुलभाताई. त्यांनी ऐकलं आणि पदर सारून म्हणाल्या, "माझं पोट घे की, दोघींना पुरेल!" दुसऱ्याचं चालत नाही म्हटल्यावर खरंच हिरमुसल्या.

* * *

व्रत सोडायला माझं मन धजेना. सुलभाताईंनीच तोड काढली: उपास कर, पण फराळ करून. मग प्रत्येक उपासाला एकेकीकडून डबा. तुपातली साबुदाणा खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी.

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाईंच्या चिमटीत भरपूर आलं. उपास बंद केले ना, त्यांनी विचारलं.

"छे, तेच तर करतेय!"

त्यांनी सगळं पुन्हा समजावलं. काहीच न करणं हाही एक मार्ग आहे, म्हणाल्या. मी दोन दिवस देवापुढे बसले आणि कळवलं, पोटाचंच करा.

* * *

छाती काढल्यापासून मंडळाच्या हळदीकुंकवाला बाकीच्यांना ब्लाउजपीस मिळायचं, मला स्टीलची वाटी. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी बोललंही नव्हतं. मीही वाट्या निमूट फळीवर लावत गेले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सुलभाताई ओटी भरायला आल्या. तांदूळ, नारळ, आणि वर हिरवा खण. खणाची घडी त्यांनी दोनदा सरळ केली.

"वाट्यांचा सेट झाला आता," म्हणाल्या.