आबांचं पालथं तिकीट

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग. कुणी सुरू झालं की मी सरळ उठून जायचो. कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली... मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. तरी हे लिहितोय. पटलं नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा एप्रिल. आम्ही सांगलीत राहायचो. मला टपालाची तिकिटं जमवण्याचा नाद लावला तो उंब्रजच्या आबांनी, नात्यातले नव्हेत, पण या नादातले माझे गुरू. आबा पलटणीतून निवृत्त झालेले, महायुद्धात आफ्रिकेत होते. इंग्रजांनी तिथला मुलूख घेतला तेव्हा स्वतःच्या देशातली 'पोस्टेज ड्यू' तिकिटं – म्हणजे तिकीट न लावलेल्या, नॉटपेड पत्राचे पैसे वसूल करायला पोस्ट लावतं ती – तिकडे नेली आणि त्यांवर काळी अक्षरं वरून छापून वापरली. वरची छपाई दुर्मिळ असेल तर तिकिटाला सोन्याचा भाव. आणि म्हणूनच नकलांचा सुळसुळाट! साधं खरं तिकीट घ्यायचं, वर खोटी अक्षरं छापायची, झालं काम.

नक्कल ओळखायची आबांची एकच रीत. भिंग हातात घेण्याआधी तिकीट पालथं करायचे. खऱ्या छपाईत छापखान्यातल्या खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या अक्षरांचा, दाब कागदात बसतो, अक्षरं मागून हलकी उठलेली दिसतात. मी घाईनं पुढून बघायला लागलो की डाफरायचे, "आरं गड्या, तोंड काय बघतोस? तोंड कुनीबी रंगवतंय. आदी पाठ बघ!"

आदल्या दिवाळीत आबा गेले. त्यांची लेक वत्सलाताई तिथंच उंब्रजला, दिराच्या घरात. नवरा सैन्यात होता, तो वारलेला. तिला पिठाची गिरणी घालायची होती. "दादा, आबांनी आफ्रिकेतनं आनलेलं त्ये भारी तिकीट इका. मला दिराच्या तोंडाकडं बघत जगायचं न्हाई," म्हणाली. सांगलीतले एक हौशी सराफ घ्यायला तयार होते, अट एवढीच की ते अस्सल असल्याचं मी सही करून द्यायचं. माझ्या शब्दाला या वर्तुळात वजन होतं. मी अल्बम घरी आणला.

दुपारी टेबलावर उघडला. तिकीट पानाला डिंकानं पक्कं चिकटवलेलं. तरुणपणी, बदलीच्या धावपळीत पडू नये म्हणून आबांनीच चिकटवलं होतं. नंतर त्या चुकीबद्दल स्वतःला शिव्या द्यायचे, कारण भिजवून काढावं तर खराब व्हायची भीती. मी कोपऱ्यातून कागदाची पट्टी सारून पाहिली. शिरेना. पुढून सगळं झकास होतं आणि तिकीट आबांचं... शंका कशाला? मी मजकूर लिहायला घेतला. मध्येच चहा प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

परत आलो तर तिकीट पानावर सुटं पडलेलं. पालथं.

लाइट गेलेली, पंखा बंद. पानावर डिंकाचा डाग नाही, कागदाचा एक तंतू निघालेला नाही. माझं डोकंच फिरलं. बायकोवर ओरडलो.

"अहो, तुमच्या त्या कपट्यांना मी कधी हात तरी लावते का?" ती पण तडकली. आणि ती तर सगळा वेळ माझ्यासमोर चहा करत होती!

मी तिकीट सुलटं केलं. पाठ निरखून बघितली नाही. का नाही? भ्यालो होतो, दुसरं काय! अल्बम मिटला, वर इस्त्री ठेवली आणि कपाटाला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या उघडलं... पुन्हा पालथं. तोंडचं पाणी पळालं माझ्या.

मग पाठ बघितलीच. सपाट होती. उजेडात तिरकी धरली, बोट फिरवलं, भिंग लावलं. एका अक्षराचा दाब नाही. तिकीट खोटं होतं.

आता खरं सांगतो. तरीही मी डिंकाची बाटली काढली. पुन्हा चिकटवलं असतं तर पाठ कुणाला दिसली असती? वत्सलाताईची गिरणी झाली असती, आबांचं नावही राहिलं असतं. चिमट्यानं तिकीट सुलटं मांडलं, बाटलीचं बूच काढलं आणि वळलो.

पालथं!

हातभर अंतरावर मी बसलेलो. घामानं सदरा भिजला. तोंडातून आपसूक निघालं, "आबा, कळलं. नाही करत सही." एवढं बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरलं आणि मला रडू आलं.

रविवारी उंब्रजला गेलो. ओसरीवर बसून वत्सलाताईला सगळं सांगितलं. तिनं अल्बम मांडीवर घेऊन ते पान उघडलं.

"आबास्नी म्हाईत व्हतं का वो?"

"नाही हो ताई. चिकटवलं तेव्हा ही पारख नव्हती, आणि नंतर पाठ कधी बघताच आली नाही त्यांना."

"म्हंजी मेल्यावर कळलं व्हय?" तिनं पदरानं डोळे पुसले. "आन कळल्याबरुबर सांगाया आलं..."

गिरणीचं काय, मी विचारलं.

"व्हईल कवातरी. लोकांच्या दळणात खोट नगं." मग अल्बम माझ्यापुढं सरकवला. "दादा, ह्ये परत चिकटवा. त्येनी आता ठिवलं तसंच."

गिरणी झाली पुढं, पण खूप उशिरा. बाकीची तिकिटं विकून आणि शिवणकाम करून तिनं ती उभी केली.

डिंक कुठं गेला, कुलपातलं तिकीट कुणी फिरवलं, मला आजही सांगता येत नाही. मोजून-मापून जगलेला माणूस मी, इथं माझं माप चालत नाही. तिकीट त्या दिवशी मीच चिकटवलं, पालथं, पाठ वर करून. उंब्रजला गेलो की अल्बम उघडून बघतो. ते अजून जागचं हललेलं नाही.