लाटंबार्शातली गार खोली

आमचे बाबा, गुरुदास, काही मोठे गृहस्थ नव्हते. लाटंबार्शात त्यांना लोक ‘पंपावयलो गुरुदास’ म्हणायचे. खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी उपसणारा पंप त्यांनी उभा जन्म चालवला. खाण बंद पडली तेव्हा पगार गेला आणि धूळ छातीत राहिली. कंपनीच्या सत्कारात एक टॉवेल मिळाला होता तेवढा. तोही पहिल्याच धुण्यात रंग सोडून बसला.

मी त्यांची थोरली मुलगी गौरवी, धारगळला दिलेली. माझ्या तोंडाला लगाम नाही असं सासरी म्हणतात. म्हणोत. बाबांच्या तोंडाला मात्र फारच लगाम होता, म्हणून हे मला सांगावं लागतंय.

दर गणेशचवथीला बाबा माझ्याकडे वजं, लेकीच्या सासरी द्यायची माहेरची भेट, घेऊन यायचे. नारळ, तवशी, नेवऱ्या, सगळं पिशव्यांत कोंबून म्हापशाला बस बदलून यायचे. दारातल्या खुर्चीवर, आमच्या कदेलीवर, बसून दम खायचे आणि माझ्या सासूला ऐकू जाईल अशा बेताने विचारायचे, “विहीणबाय अजून आसा मगे?” सासू आतून ओरडायची, “तुमका पोचयल्याशिवाय जावचंय नाय!” मग दोघं हसायची. माणूस असा होता. स्वतःसाठी कुणाकडे काही मागायचा नाही.

त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट मागितली, आणि ती त्यांचीच होती. त्यांची खोली.

आमच्या घरात उत्तरेकडची एक खोली आहे. जाड चिऱ्यांच्या भिंती, लाल कोब्याची जमीन, विहिरीकडे उघडणारं एक जनेल. मे महिन्यात सगळं घर भट्टी होतं तेव्हाही तिथे अंगावर चादर लागते. आई गेली ती त्याच खोलीत. दम वाढला की बाबांना तिथेच बरं वाटायचं. जनेलातून गार वारा आला की त्यांची छाती सुटायची.

आणि आमच्या प्रज्योतला नेमकी तीच खोली हवी झाली.

प्रज्योत माझा धाकटा भाऊ. हुशार आहे, ते कोण नाकारतंय? पेडण्याच्या किनाऱ्याकडे दिल्ली-मुंबईवाल्यांनी बंगले बांधलेत ना, त्यांची सगळी यंत्रं हा सांभाळतो. कॅमेरे, फाटकं, दिवे, तलावाचे पंप. मालक तिकडे दिल्लीत बसून फोनवर बोट लावतो आणि मांद्र्यातलं फाटक उघडतं. त्यासाठी जी मशिनं चोवीस तास चालू लागतात ती कुठेतरी ठेवायला हवीत. म्हापशात जागा भाड्याने घेण्यापेक्षा घर काय वाईट, असा त्याने विचार केला. “ताय, त्या खोलयेक निसर्गानंच एसी लायलो आसा,” तो मला म्हणाला. “बाबा थंय नुसते निजतात.”

नुसते निजतात! ऐकलंत?

खोली रिकामी केली त्या दिवशी मी तिथेच होते. प्रज्योत आणि त्याचे दोन कामगार आत आले आणि त्यांनी खाट उचलली. बाबा खाटेवर बसलेलेच होते. “पालखी आयली रे, पालखी!” प्रज्योत ओरडला. कामगार हसले. बाबाही हसले, बिचारे. त्यांना वाटलं झाडलोट करायची असेल, संध्याकाळी परत आणतील. खाट पडवीत टेकवली. पावसाची झड येते म्हणून प्लॅस्टिकचा पडदा लावला, आणि त्या दिवसापासून बाबा पडवीतले झाले.

खोलीचं काय सांगू! जनेल चिरे लावून बुजवलं. जमिनीवर रबर घातलं. छताला फळ्या ठोकून फटीन् फट बंद केली, कारण मशिनांना उंदीर चालत नाहीत, दमट हवा चालत नाही, धूळ तर मुळीच चालत नाही. ती धूळ बसू नये म्हणून भिंती कापताना दार आतून बंद करायचे आणि भिंतीच्या भोकात पंखा लावून सगळी धूळ बाहेर फेकायचे. बाहेर म्हणजे पडवीत. बाबा टॉवेल तोंडावर धरून खोकत बसायचे. मग लोखंडी कपाटं आली, त्यांत मशिनं एकावर एक चढली, निळ्या वायरींच्या जुड्या बांधल्या, आणि एसी लागला. माझ्या बापाला उभ्या जन्मात एसी मिळाला नाही, तो त्या खोक्यांना मिळाला. दाराला अंगठ्याचं कुलूप. प्रज्योतचा अंगठा लागला तरच उघडणार.

मी भांडले. शिव्याच घातल्या. “मेल्या, निदान बाबांचं श्वासाचं यंत्र तरी तुझ्या बॅटरीच्या लायनीवर घाल!” दवाखान्यातून सांगितल्यावर आम्ही ते यंत्र घेतलं होतं. विजेवर चालतं, नळी नाकात, हवा साफ करून देतं. लाटंबार्शात वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि मशिनांसाठी त्याने खोलीभर बॅटऱ्या मांडल्या होत्या. माझ्या तोंडाला कंटाळून त्याने त्या लायनीतून एक प्लग पडवीत ओढून दिला. बाबांच्या खाटेवर एक कॅमेराही लावला. “हांव खंयसूनय बाबांक पळयतलो,” असं लोकांना सांगायचा. लोकही म्हणायचे, बघा, केवढी काळजी!

बाबा मात्र फोनवर मला एकच विचारायचे. “गौरवी, तू सांग गो तेका. माजी खोली माका परत दी म्हण.” मी सांगायचे. बाबांचे धाकटे भाऊ कृष्णनाथकाका शेजारीच राहतात, त्यांनाही बाबांनी मध्ये घातलं. शेवटी प्रज्योत म्हणाला, “चवथ जांव दी, मगे बगूया.” बाबांनी ते खरं धरलं. फोनवर मला म्हणाले, “चवथीनंतर वयता गो हांव भितर.” पोरासारखा आवाज झाला होता त्यांचा.

आमच्या त्या घरातला गणपती भाऊकीतल्या पंधरा घरांचा मिळून एक. दीड दिवसाचा. यंदा मखर दिव्यांचं, मागे फिरणारं चक्र, सगळं प्रज्योतने फोनवर चालवायचं ठरवलं होतं. देव घरात असताना त्याच्यापुढे अंधार व्हायला नको, म्हणून मखर त्याने बॅटरीच्या लायनीवर घातलं. भार जास्त होऊन बॅटरीचं खोकं किंचाळायला लागलं. मशिनं काढणं शक्य नव्हतं, दिल्लीवाले ओरडले असते. देव काढणं शक्य नव्हतं. मग काढायला उरलं काय? बाबांचा प्लग काढून भिंतीच्या साध्या बटणाला लावला. दोन दिवसांचाच तर प्रश्न होता!

यातलं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या धारगळचा गणपती पाच दिवसांचा. दुसऱ्या दिवशी तिकडची आरती आटोपून मी स्कूटर काढली आणि अस्नोड्याच्या वाटेने माहेरी पोचले तेव्हा दुपार व्हायला आली होती. पडवीत खाट उभी करून ठेवलेली. यंत्र कोपऱ्यात, नळी गुंडाळलेली.

“बाबा खंय?” मी विचारलं.

प्रज्योत मखराजवळ होता. “भितर,” तो म्हणाला. “एसीत. रातभर दम लागलो, आता निजल्यात.”

मला रडूच आलं. अहो, बरं वाटून! शेवटी बापाला खोलीत घेतलं पोराने. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, “देव बरें करूं,” म्हटलं. त्याने मान खाली घातली.

“उघड तरी, तोंड बघते.”

“आता नाका, ताय. गारवो जाता. उठल्यार उघडटां.”

कृष्णनाथकाका कदेलीवर बसले होते. ते म्हणाले, “कित्याक उठयतंस गो तेका? निजूं दी.”

मी दाराशी जाऊन उभी राहिले. आतून घूं घूं आवाज येत होता. मला वाटलं बाबांचं यंत्र आत नेलंय. कोपऱ्यात ठेवलेलं मघाशी पाहिलं होतं मी, पण मनाला काय, वाटलं दुसरं चांगलं आणलं असेल. मी दाराला तोंड लावून म्हटलं, “बाबा, मी आयलंय हां. सासूनं विचारलंय, अजून आसास मगे म्हणून.” उत्तर आलं नाही. झोपलेत, म्हटलं. पातोळ्यांची बशी झाकून मी दाराशी ठेवली.

दुपारभर सोयरीधायरी येत राहिली. प्रत्येकाने बाबांची चौकशी केली आणि एसीत निजलेत ऐकून प्रत्येकाने प्रज्योतची तारीफ केली. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं म्हणे. प्रज्योतची बायको तेजस्विनी पानावर बसली ती नुसती भात चिवडत होती. आरतीला तिच्या डोळ्यांना धार लागली. बायका म्हणाल्या, किती भाविक पोर.

संध्याकाळी देव उठवण्याआधी आमच्यात गाऱ्हाणं घालतात. दरवर्षी बाबा घालायचे. यंदा कृष्णनाथकाका उभे राहिले. हात जोडले, घसा साफ केला.

“बा देवा म्हाराजा! लेकरांनी मोडकीतोडकी सेवा केली ती मान्य करून घे!”

“होय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“पोराबाळांक, गोराढोरांक सांबाळ!”

“होय म्हाराजा!”

“आणि आमच्या गुरुदासाक दम लागता, तेका बरो कर म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळ्यांत मोठ्याने मी ओरडले. तेजस्विनी तोंडात पदर कोंबून आत पळाली.

व्हाळावर विसर्जन झालं. रिकामा पाट आणि मूठभर माती घेऊन आम्ही परतलो. पाट मखरात ठेवला, शेवटची आरती झाली, प्रसाद वाटला. आणि प्रसाद तोंडात असतानाच कृष्णनाथकाकांनी त्या दाराकडे जाऊन हंबरडा फोडला, “गुरुदास गेलो रे!”

दार तर उघडलंही नव्हतं. प्रज्योतने नंतर अंगठा लावला.

मी सगळ्यांना ढकलत आत घुसले. कपाटांच्या मधल्या बोळात, रबरावर, चटईवर बाबा. वर एसीचं तोंड. शेकडो हिरवे दिवे लुकलुकत होते. मी त्यांचा हात धरला. बर्फातून काढलेल्या इस्वण माशासारखा गार आणि ताठ. बोटं वळेनात. आत्ता गेलेल्या माणसाचा हात असा असतो?

“केव्हा गेले?” मी तेजस्विनीचा दंड धरला. “खरं सांग, नाहीतर इथेच डोकं आपटते.”

तिला कोणीतरी विचारायलाच हवं होतं. सगळं भडाभडा बाहेर आलं. सकाळच्या आरतीला वाड्यावरची पोरं घुमटं घेऊन आली होती. तेवढ्यात वीज गेली. पण मखर झगमगत होतं, चक्र फिरत होतं, वीज गेली हे कुणाला कळलंच नाही. पडवीत बाबांचं यंत्र बंद पडलं. त्यांनी हाका मारल्या असतील, खाट बडवली असेल. घुमटं आणि झांजांपुढे कोणाला ऐकू येणार? पोरं पुढच्या घरी गेल्यावर ती पेज घेऊन पडवीत आली तेव्हा बाबा खाटेवरून अर्धे खाली लोंबत होते. हात भिंतीतल्या बटणाकडे.

आरतीनंतर मागे थांबलेल्या कृष्णनाथकाकांनी तिचं तोंड दाबलं. देव घरात. सुतक पंधरा घरांना. म्हणाले, देव पोचेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही. आणि दुपारच्या उकाड्यात पडवीत ठेवायचं कसं? मग प्रज्योतला आपली खोली आठवली.

“शिरा पडो तुमच्या तोंडार!” मी ओरडले. “दिवसभर मला दाराशी उभं केलंत! मेलेल्याशी बोलायला लावलंत!”

“हळू बोल गो,” काका म्हणाले. “पंधरा घरांचो गणपती मोडलो असतो.”

“आणि बाप मोडला त्याचं काय?”

बाहेर शेजारणी एकमेकींना सांगत होत्या, पुण्यवान माणूस, देवाला पोचवून मग गेला.

चौघांनी बाबांना उचललं. वायरींच्या जुड्या चुकवत, आडवेतिडवे करत बाहेर आणायला वेळ लागला. मी पाय धरून मागे चालत होते. तेवढ्यात कपाटातलं एक मशीन टीं टीं वाजायला लागलं. प्रज्योतचा खांदा बाबांच्या डोक्याखाली होता. त्याने मान वळवून मागे पाहिलं.

“दार ओडून घेयात रे कोणतरी,” तो म्हणाला. “गारवो भायर जाता.”

कृष्णनाथकाकांनी लगबगीने जाऊन दार ओढून घेतलं.