वीस सेकंदांची मुदत

कुठेही फोन वाजला की मी अजून मोजते. गावाशेजारच्या अष्टमीच्या पुलावर बाजूच्या रिक्षात कुणाचा वाजला, तरी मनात एक, दोन, तीन सुरू होतं. विसाच्या आत उचलला की जीव भांड्यात पडतो. नवरा म्हणतो, डॉक्टरला दाखवू. दाखवून सांगू काय?

रोह्याला घरी बसून मी एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. माहेर पेणजवळ, धरमतरच्या खाडीकाठी. तिथली भातशेती सगळी बांधाच्या जिवावर. उधाणाने बांध फुटला की ‘खांड गेली’ म्हणतात, आणि खांड गेली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन माती टाकायला धावतो. पूर्वी ही बातमी हाकेवर पोचायची. आता निम्मे गडी डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला. हाक ऐकणार कोण? म्हणून मी मोठ्या तोऱ्यात गावाला प्रोग्राम लिहून दिला. बांधावरच्या राखणदाराने मोबाइलवर बटण दाबलं की तीनशे घरांना फोन जाणार आणि माझ्याच आवाजात निरोप मिळणार: खांड गेलीय, बांधावर या, शेतात असाल तर वर निघा.

फोनच्या लाइनी मिळाल्या दहा, म्हणून प्रोग्रामात थ्रेडही दहाच ठेवले. एक थ्रेड म्हणजे फोन लावायला बसवलेला एक माणूस समजा. पहिल्या चाचणीत या दहांनी माझं हसं केलं. कुणाच्या फोनला रेंज नाही, पलीकडून हो नाही की नाही नाही, आणि माझे दहाही जण तसेच ताटकळत बसले. उरलेल्या घरांना फोन गेलाच नाही.

“आमचा नंबर पुढच्या वर्साला लागंल गो!” गाव हसलं.

मला ते फार झोंबलं. मी मुदत घातली. वीस सेकंदांत उचलला नाही तर तोडायचा आणि पुढच्या घराला लावायचा. आमच्या भाषेत टाइमआउट. वीसच का, तर तेवढ्यात दहा मिनिटांत गाव पुरं होत होतं. दुसऱ्या चाचणीत झालंही, आणि मी हुरळून गेले.

त्याच दिवशी काकाचा फोन आला. माझ्या वडिलांचा हा धाकटा भाऊ शेतातल्या तळ्यात जिताडे मासे पाळायचा आणि दिवसभर तिथल्या खोपीत राखणीला बसायचा. रेंज फक्त बाहेरच्या खांबापाशी, म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खांबाला टांगलेला. गुडघे कामातून गेलेले.

“गो बाय, मी उठून जाईपर्यंत तुझा फोन मरतो. जरा दम धर की!”

“करते काका,” मी म्हणाले. एका ओळीचं काम होतं. पण विसाचे चाळीस केले तर दहाची वीस मिनिटं होत होती, आणि दहा मिनिटांचं कौतुक मला सोडवत नव्हतं. न उचललेल्यांना पुन्हा लावायची सोयही मी नंतरवर ढकलली.

श्रावणातल्या अमावास्येला, भर दुपारी खांड गेली. प्रोग्राम बिनचूक चालला. दहा मिनिटांत गावाला कळलं, माणसं बांधावर धावली. काकाची खोपी खांडीच्याच अंगाला होती. संध्याकाळी पाणी उतरल्यावर तो तळ्याच्या कडेला सापडला. खांब उभा होता आणि पिशवीतला फोन कोरडा होता.

पाण्याच्या आवाजात त्याला फोन ऐकू आला नसेल, असं सगळे म्हणाले. मी नोंदी उघडून पाहिल्या. त्याच्या नंबरापुढे लिहिलं होतं, वेळ संपली. तरी मी स्वतःची समजूत घालत राहिले की तो झोपला असेल.

बाराव्याला काकीने तो फोन माझ्या हातात दिला. त्यात माझ्या प्रोग्रामच्या नंबरावरून आलेला एक मिसकॉल होता. त्याच्या पाठोपाठ काकाने त्याच नंबरावर लावलेले सात फोन. मी कॉलेजात असताना पैसे वाचवायला त्याला मिसकॉल द्यायचे आणि तो लगेच उलट लावायचा. आमच्या घरात अर्धवट वाजलेल्या फोनचा अर्थ एकच: मला फोन कर. तो नंबर त्याने माझ्याच नावाने ठेवला होता. म्हणजे तो खांबापाशी पोचला होता. पळायची ती मिनिटं त्याने तिथे उभं राहून मला फोन लावण्यात घालवली. आणि त्या नंबरावर आलेला फोन उचलायची सोय मी केलीच नव्हती.

मुदत आता नव्वद सेकंदांची आहे. तीनदा फोन जातो. गाव माझं कौतुक करतं, आणि मला माझी किळस येते.

बाराव्याच्या त्या दिवशी फोन देऊन काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. रागाने नाही, नुसतीच.

“सात येला लावला गो तुला त्यांनी,” ती म्हणाली. “तू कामात व्हतीस काय?”

“व्हय काकी,” मी म्हणाले. “कामात व्हते.”