न ऐकलेला तास

व्हरांड्यातून जाताना आज साठेबाईंच्या वर्गापाशी पाय थबकले. फळ्यावरचं पुसून त्या तेच पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं समजावत होत्या. मागे बसलेल्या एका मुलीचा चेहरा हळूहळू उजळला.

विभागप्रमुख म्हणून मी दरवर्षी बाईंच्या शिकवण्याचा अहवाल लिहितो. मागल्या वर्षीचा कागद समोर ठेवायचा आणि ‘समाधानकारक’ हा शब्द उतरवायचा. त्या शब्दापायी त्यांची बढती दोनदा अडली. तास मात्र मी एकदाही ऐकला नव्हता. समाधान कुणाचं, हेही कधी मनात आलं नाही.

बाईंची नजर दाराकडे गेली. खडू हातातच राहिला.

“सर, काही चुकलं का माझं?”

शेवटचा बाक रिकामा होता. जाऊन बसता आलं असतं. “नाही, नाही, चालू द्या,” म्हणालो आणि घाईनं पुढे निघालो.