फिरता पदर

मी एका स्टार्टअपची संस्थापिका आहे, हे पलूसमधल्या बऱ्याच बायकांना माहीत आहे. त्यातल्या निम्म्या माझ्याशी बोलत नाहीत.

उरलेल्या निम्म्या बोलतात, पण साडीचा विषय काढत नाहीत. माझं दुकान साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं असल्यामुळे मग बोलण्यासारखं फारसं काही राहत नाही.

आमच्याकडे आहेरात आलेली साडी ही नेसायची वस्तू नसते, पुढं द्यायची असते. ती घडीतच येते, घडीतच ट्रंकेत पडते आणि पुढच्या लग्नसराईत घडीतच दुसऱ्या घरी जाते. याला एकच नियम आहे : जिथून आली त्याच घरी ती परत जाता कामा नये. तेवढ्यासाठी प्रत्येक बाई डोक्यात हिशेब ठेवून असते, कोणती कुणाकडून आली, आणि ती त्यांच्या जावेला तरी चालेल का. (जावेला चालत नाही. जावा एकमेकींच्या साड्या ओळखतात.)

दिवाळी होऊन गेली होती. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या संथपणे चाललेल्या, कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड वास वाऱ्याबरोबर आत येत होता. मशीनवर माझा पाय चालू होता आणि डोळे मिटत होते. आणि मला दिसलं, की कुणाच्या तरी ट्रंकेतून एक हिरवी साडी आपोआप बाहेर निघाली. घडी मोडली, रस्त्यावर आली आणि उसाच्या तुऱ्यांवरून तरंगत कडेगावच्या दिशेनं निघाली. तिकडून एक जांभळी येत होती. इस्लामपूरकडून एक अबोली कृष्णा ओलांडून आली. तिघी आभाळात एकमेकींना ओलांडून गेल्या, आणि खाली आपापल्या अंगणात तीन बायका मान वर करून उभ्या होत्या. प्रत्येकीला हवा होता तोच रंग तिच्याकडे येत होता.

जागी झाले, तेव्हा गिऱ्हाइकाच्या साडीबरोबर माझाही पदर शिवून झाला होता.

उसवता उसवता मी ठरवलं, अशी एक वेबसाइट काढायची. नाव 'फिरता पदर'. प्रत्येकीनं आपल्याकडच्या पडून असलेल्या साडीचा फोटो टाकायचा, आवडेल ती दुसरीची मागायची, आणि अदलाबदल माझ्या दुकानात. मी स्वप्नाळू बाई नाही. हे सगळं मी पूर्ण जागेपणी, उसवायची कात्री हातात असताना ठरवलं, हे नोंदवून ठेवते.

वेबसाइट बनवण्याची जबाबदारी आमच्या सुभेदारांवर आली. सुभेदार म्हणजे माझे यजमान. सिग्नल्समधून निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरात कुणालाच सिग्नल देता येत नाही म्हणून कष्टी होते. मोबाईलवर शिकवणीचे व्हिडिओ बघून त्यांनी काम सुरू केलं.

"पैलं काम काय करायचं म्हायती हाय का?" ते म्हणाले. "कम्युनिकेशन एस्टॅब्लिश करायचं. बाकीचं मागनं."

त्यामुळे सगळ्यात आधी अभिप्राय लिहायची जागा तयार झाली. ती इतकी भक्कम झाली, की गावात रेंज नसली तरी अभिप्राय पोचायचे.

मी त्यांना सांगितलं होतं, की साडीचा फोटो टाकताना 'कोणाकडून आली' हे विचारायचं, म्हणजे ती चुकून त्याच घरी परत जाणार नाही. पण ते नाव कुणाला दिसता कामा नये. आणि 'बदलण्याचं कारण' विचारायचं, तेही दिसता कामा नये.

"दिसणार न्हाई," सुभेदार म्हणाले. "त्येचं झाकण सगळ्यात शेवटी बसवायचं."

चाचणीसाठी साड्या हव्या होत्या. माझी ट्रंक होतीच. मी रोज संध्याकाळी एक-एक साडी दिवाणावर पसरून फोटो काढायचे आणि रकाने भरायचे. कुणी वाचणार नाही म्हटल्यावर माणूस फार खरं लिहितो. इस्लामपूरच्या वन्संनी दिलेल्या साडीखाली मी कारण लिहिलं : 'पोत बरा आहे, पण दर दिवाळीला हीच येते.' आणि स्नेहलच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या साखरपुड्यात कडेगावच्या होणाऱ्या विहीणबाईंनी मला मानाची साडी नेसवली होती, तीही टाकली. खाली लिहिलं : 'रंग डोळ्यात खुपतो. खळ इतकी, की मी बसले तरी साडी उभीच राहते.'

लग्न महाशिवरात्रीनंतरचं ठरलं होतं. संक्रांत तोंडावर आली. हळदी-कुंकवाला सगळ्या बायका एकत्र येणार, उद्घाटनाला याहून चांगला मुहूर्त कुठला?

"अजून काम हाय," सुभेदार म्हणाले.

"किती?"

"साडी मागायचं बटण दाबलं की नुसतं चाक फिरतंय. शोध घेतला की भलतंच दिसतंय. आनि झाकण..."

"मोठ्या कंपन्याही आधी उघडतात आणि मग दुरुस्त करतात," मी म्हणाले. हे मी कुठंतरी ऐकलं होतं. कुठं ते आठवत नाही. ज्यानं सांगितलं त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं नसावं.

संक्रांतीच्या दुपारी मी वेबसाइट सगळ्या ग्रुपवर टाकली : माहेरच्या, सासरच्या, भिशीच्या आणि साखरपुड्यानंतर नव्यानं निघालेल्या पलूस-कडेगाव ग्रुपवर. खाली लिहिलं, 'बघा व मोकळेपणानं कळवा.' मग नवी साडी नेसून वाण वाटायला बसले. मन पतंगासारखं वर गेलेलं. तिळगूळ देताना मला प्रत्येकीच्या खांद्यावर तिचा पुढचा, मनासारखा पदर दिसत होता.

बायका एकेक करून मोबाईल बघायला लागल्या. एक हसली. दुसरी हसली. तिसरी वाण न घेता उठून गेली.

मग कळवायला सुरुवात झाली. मोकळेपणानं.

पहिले अभिप्राय साधे होते. एकीनं लिहिलं, 'हिरवी शोधली तर लाल दाखवतंय.' मी संस्थापिका या नात्यानं उत्तर दिलं, 'आवड विस्तृत ठेवावी.' दुसरी म्हणाली, सगळे फोटो आडवे दिसतात. मी लिहिलं, 'मान थोडी कलती करून पाहावं.' तिसरीनं विचारलं, साइट पूर्ण झाली आहे का? याचा मला राग आला. मी लिहिलं, 'फिरता पदर हा मंच सर्व बाजूंनी पूर्ण आहे. आपल्याला तो समजायला वेळ लागेल.' आणि हे उत्तर सगळ्यांत वर ठेवायला सुभेदारांना सांगितलं. ते बटण मात्र चालत होतं.

मग वन्संचा अभिप्राय आला. 'दर दिवाळीला हीच येते म्हणजे काय गं?'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. उत्तर देण्याची एव्हाना सवय लागली होती, आणि सगळ्यांना एकच मायना ठेवला होता. मी लिहिलं, 'प्रिय ग्राहक, आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो.'

फोन लगेच वाजला.

"सुनंदा, मी तुजी नणंद हाय का गिऱ्हाईक?"

"वन्सं, ते सगळ्यांनाच तसं लिहायचं असतं."

"आनि आमी दिलेली साडी समद्या गावाला दाखवायची, त्ये बी तसंच असतंय व्हय?"

मी सुभेदारांकडे धावले. त्यांनी मोबाईलचा पडदा बघितला आणि शांतपणे सांगितलं, की झाकण बसलेलं नाही. कोणाकडून आली आणि का नको, दोन्ही ठळक अक्षरांत दिसत होतं. (ठळक मीच करायला लावलं होतं. मला चष्मा आहे.)

"काढून टाका आधी ते."

"काढायचं बटण हाय. पन अजून बसवायचं हाय."

"मग सगळी साइटच बंद करा."

"बंद करायचं बटण..." सुभेदार थांबले. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

कडेगावच्या साडीखाली मात्र एकही अभिप्राय नव्हता. पलूस-कडेगाव ग्रुपवर कालपर्यंत रोज सकाळी फुलांची चित्रं यायची, तीही थांबली. एक दिवस गेला, दुसरा गेला. स्नेहल मोबाईल उशाशी ठेवून आढ्याकडे बघत पडून राहायची.

"बोलला का गं तो?" मी विचारलं.

"बोलला. म्हणाला, आई काही बोलत नाही, नुसती मोबाईल बघते."

"म्हणजे राग नाही आला."

"आई, आमच्या ओळखीत लग्न मोडायच्या आधी लोक असेच गप्प होतात," स्नेहल म्हणाली. "मोडलंच तर मलाही तुझ्या साइटवर टाक. कोणाकडून आली, पलूसहून. बदलण्याचं कारण, आई."

त्या रात्री मला झोप लागली असावी, कारण त्या साड्या पुन्हा दिसल्या. या वेळी खाली उतरतच नव्हत्या. उसावर गोल गोल फिरत होत्या, आणि अंगणातल्या बायका मान वर करून मला विचारत होत्या, 'संस्थापिका, कवा?'

चौथ्या दिवशी दुपारी दुकानासमोर जीप थांबली आणि विहीणबाई उतरल्या. एकट्या. सुभेदार आत होते, ते सावधानमध्ये उभे राहिले. मी स्टूल पुसलं, पाणी दिलं. त्यांनी पाणी घेतलं, पण तोंडाला लावलं नाही.

"विहीणबाई, मला एक इचारायचं हाय," त्या म्हणाल्या.

"विचारा ना. ते जे लिहिलं गेलं, ते खरं तर चाचणीसाठी..."

"त्ये सोडा. रंग खुपतोय तर खुपतोय. मला बी खुपलाच हुता. दुकानदारानं गळ्यात मारली." त्यांनी मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. "ह्ये काय हाय, ह्ये सांगा. इस्लामपूरच्या साडीला एवढी मागनी, आनि माझ्या साडीला भोपळा?"

मी बघितलं. वन्संच्या साडीखाली मागणीचा आकडा चांगला घसघशीत होता. विहीणबाईंच्या साडीखाली शून्य.

"समदं कडेगाव बघतंय," त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा बसला. "माझ्या जावा रोज उघडून बघत्यात. काल धाकटी म्हनली, आक्का, फुकट बी कुनी घेईना वं. एका तरी बाईला घ्यावीशी वाटू नये? अशी काय मी वंगाळ साडी दिली? उद्या ह्येच घर माझ्या पोरासंगं नातं सांगणार, आनि आमचा मान असा उघड्यावर शून्य?"

मागून सुभेदार खाकरले. "वैनी, मागनीचं बटण चालतच न्हाई. इस्लामपूरच्या आमच्या आक्काच्या साडीवर म्याच दाबून दाबून बघितलं चाचणीला. त्याच्यामुळंच बिघडलं त्ये. तुमच्या साडीची पाळीच आली न्हाई."

विहीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खरं का?"

"खरं," मी म्हणाले.

"मग हितं वर लिवलंय, सर्व बाजूंनी पूर्ण हाय. समजायला येळ लागेल. ह्ये तुमी लिवलंय न्हवं?"

"मी लिहिलंय."

"मंजे साइट पुरी हाय आनि माझी साडी वंगाळ, न्हाईतर साडी बरी हाय आनि साइट अर्धी. दोन्ही एका टायमाला कसं हुईल? काय त्ये ठरवा."

स्नेहल शेजारच्या दारातून बघत होती. बाहेरून उसाची एक ट्रॉली अगदी सावकाश चालली होती, इतकी सावकाश की ती जाईपर्यंत तरी मला विचार करायला मिळेल असं वाटलं. मला ते सगळं आभाळ आठवलं, ती हिरवी, ती जांभळी. माझं ते एकच स्वप्न होतं आणि मी ते सर्व बाजूंनी पूर्ण म्हणून जाहीर केलं होतं.

"साइट अर्धी आहे," मी म्हणाले.

"तितं लिवा."

मी लिहिलं. विहीणबाई खांद्यावरून बघत होत्या आणि सांगत होत्या. 'हा मंच अर्धवट आहे. बटणं चालत नाहीत. शोध चालत नाही. कडेगावच्या साडीला मागणी दिसत नाही, यात साडीचा काहीही दोष नाही.'

"निखालस," विहीणबाई म्हणाल्या.

'यात साडीचा निखालस दोष नाही. आपली नम्र, संस्थापिका.'

मग त्यांनी पाणी प्यायलं. चहा घेतला. स्नेहलला जवळ बोलावून गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोरी, तुजी आई शिकली-सवरलेली हाय, पन बाई बरी हाय." जीप गेल्यावर दहा मिनिटांत पलूस-कडेगाव ग्रुपवर गुलाबाची चित्रं आली. माझ्या कबुलीखाली मात्र जेवढे अंगठे पडले, तेवढे उद्घाटनालाही पडले नव्हते.

लग्न नीट पार पडलं. आहेराची वेळ झाली तेव्हा मी पाटावर बसले आणि बायकांची रांग लागली. पहिल्याच विहीणबाई. त्यांनी माझ्या हातात साडी दिली नाही, पातेलं दिलं. जड, चकचकीत. कडेला मशीननं त्यांचं नाव, गाव आणि लग्नाची तारीख कोरून घेतली होती.

"ह्ये फिरवा आता," त्या कानात म्हणाल्या.

मागून वन्सं आल्या, त्यांच्याकडे परात. मग आल्या त्या सगळ्या डबे, कळशा, ताटं घेऊनच, आणि प्रत्येकावर देणारीचं नाव खोल कोरलेलं. माझ्या मुलीच्या लग्नात मला एकही साडी मिळाली नाही. स्टीलचं दुकान टाकता येईल इतकी भांडी मिळाली, पण दुसऱ्याला देता येईल असा त्यात एक चमचा नाही.

आता रोज सकाळी मी विहीणबाईंच्या नावात चहा उकळते आणि वन्संच्या नावात कणीक भिजवते. सुभेदार विचारतात, भांडी एवढी का घासतेस? दुपारी सगळं शांत असलं, की नळाखाली बसून राखेनं सावकाश घासत राहते. आणि मला खरंच वाटतं, कडेगावमधला 'क' जरा पुसट व्हायला लागला आहे.